पोटखराब्यातली वाघाटी

आषाढी एकादशीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या भाजीबाजारांत एक रानफळ येतं. लिंबापेक्षा थोडं मोठं, गोल, हिरवं, जाड कवचाचं. नाव वाघाटी, कुठे वाघाटं म्हणतात, कुठे गोविंदफळ. द्वादशीचं पारणं वाघाटीच्या भाजीने सोडायची जुनी रीत आहे, आणि त्या एका दिवसापुरता या फळाला एरवी कुणाला पटणार नाही असा भाव येतो. चव कडू. फळ फोडून बिया काढायच्या, फोडी मिठाच्या पाण्यात उकडायच्या, घट्ट पिळायच्या, मग फोडणीत परतून वर दाण्याचं कूट. चातुर्मास लागलेला असतो, म्हणून पाळणाऱ्यांच्या घरी कांदा-लसूण नाही. इतकं करूनही कडवटपणा थोडा उरतोच, आणि जुनी माणसं म्हणतात तो उरायलाच हवा. त्रयोदशीला या फळाची चौकशी करणारा कुणी राहत नाही.

फळ येतं कुठून, हा प्रश्न बाजारात सहसा कुणी विचारत नाही. वाघाटीची कुणी शेती करत नाही. ती येते बांधावरून, ओढ्याच्या काठावरून, मुरमाड टेकडीच्या उतारावरून, गायरानातून. सातबाऱ्यावर ज्या जागेपुढे 'पोटखराबा' लिहिलेलं असतं त्या जागेतून. नांगर चालत नाही, पीक येत नाही, म्हणून सरकारी कागदात खराब. या झुडपाच्या दृष्टीने मात्र जिल्ह्यातली सगळ्यात चांगली जमीन तीच.

कोल्हापूर म्हटलं की डोळ्यांपुढे पंचगंगा, ऊस आणि गुऱ्हाळ येतं; फार तर राधानगरी-दाजीपूरचं घनदाट रान. पण हा जिल्हा पावसाच्या दृष्टीने एका उतरत्या जिन्यावर वसला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि आणखी पूर्वेला शिरोळमध्ये जेमतेम पाचशे. शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात पाऊस दहाव्या हिश्श्यावर येतो. हातकणंगले-शिरोळ या पट्ट्यात आज कालव्या-उपशाचं पाणी खेळतं, ऊस डोक्याच्या वर जातो, त्यामुळे हा कोरडा मुलूख आहे हेच विसरायला होतं. त्याची आठवण टेकड्या ठेवतात. आळत्याजवळचा रामलिंगाचा डोंगर, अल्लमप्रभूची टेकडी, कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर, नरंद्याच्या आसपासचे चढ. खाली हिरवागार ऊस आणि वर वीतभर मुरमावर पिवळं गवत, मध्ये मध्ये हिवर, बोर, खैर, पळस, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर चढलेल्या काटेरी जाळ्या. शास्त्रज्ञ या भूरूपाला सॅव्हाना म्हणतात. आपण माळ म्हणतो.

वाघाटीचं शास्त्रीय नाव कॅपॅरिस झेलॅनिका. लिनियसने ते १७६२ साली दिलं. पुढे त्याच्याच मुलाने याच झुडपाचं 'हॉरिडा', म्हणजे अंगभर काटे उभे असलेली, असं दुसरं बारसं केलं होतं. ते नाव नियमाप्रमाणे मागे पडलं, पण बापापेक्षा मुलाने झुडूप जवळून पाहिलं असावं असं वाटतं. श्रीलंका आणि भारतापासून म्यानमार, व्हिएतनाम, फिलिपिन्स, इंडोनेशियापर्यंत ती कोरड्या भागांत आढळते. भूमध्य समुद्राकाठी कळ्यांचं लोणचं घालतात तो केपर हा हिच्याच कुळातला, याच प्रजातीगटातला भाऊबंद. एक सावधगिरी: घाटाकडच्या काही गावांत वाकेरीलाही वाघाटी म्हणतात. वाकेरी चिंच-आपट्याच्या गोतातली, तिला लाल-केशरी फुलांचे उंच तुरे येतात. इथे बोलतोय ती ही नव्हे.

वाघाटी झुडूप की वेल, असा वाद घातला तर दोन्ही बाजूंना पुरावा मिळेल. मोकळ्या जागी एकटी असली की ती झुडपासारखी फुगते. शेजारी बाभूळ किंवा हिवर असला की त्याच्या अंगावर रेलते आणि पाच-सात मीटर वर जाऊन शेंड्यातून डोकं काढते. तिला काकडीसारखे ताणे नाहीत, घेवड्यासारखं ती आधाराला वेढेही घालत नाही. तिच्याकडे आहेत फक्त काटे. प्रत्येक पानाच्या देठाशी दोन, खाली वळलेले, मांजराच्या नखीसारखे. कोवळी फांदी नागमोडी वाढते आणि तिच्यावर तांबूस लव असते. वाऱ्याने फांदी हलली, शेजारच्या डहाळीवर घासली की काटा अडकतो. पुढचा झोत आला की आणखी पुढचा काटा अडकतो. काटा मागे वळलेला असल्याने पुढे सरकता येतं, घसरता येत नाही. चढण्याचं सगळं काम वारा करतो. वाघाटीने फक्त पकड सोडायची नाही.

चार्ल्स डार्विनने वेलींच्या हालचालींवर १८६५ मध्ये मोठा प्रबंध लिहिला. वेढे घालणाऱ्या, ताणे असलेल्या, मुळांनी चिकटणाऱ्या आणि आकड्यांनी अडकणाऱ्या अशा तऱ्हा त्याने लावल्या, आणि आकडेवाल्यांना सगळ्यांत शेवटचा क्रमांक दिला; निदान थंड देशांत तरी त्या सगळ्यात कमी कार्यक्षम, असं त्याचं मत. डार्विनशी वाद घालण्याची आपली प्राज्ञा नाही, पण 'निदान थंड देशांत' ही पुस्ती त्याने जोडली हे बरं केलं. कारण घनदाट जंगलातल्या वेलीला आधार सोडून जगता येत नाही. तिचा सगळा खटाटोप उजेडापर्यंत पोचण्याचा. माळावर उजेड फुकट आहे. तिथे झाडं विरळ, एका झाडापासून दुसरं पन्नास पावलांवर. आधार मिळाला तर चढ, नाही मिळाला तर झुडूप होऊन बस, ही लवचीकता इथे जास्त कामाची. शिवाय ज्या काट्याने चढायचं त्याच काट्याने गुरांना दूर ठेवायचं.

काट्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. २०१६ साली ट्रिस्टन शार्ल-दॉमिनिक आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या काटेरी झाडांचा वंशवृक्ष तपासला. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तिथे हरणं-गवे यांच्या कुळाचा विस्तार झाला, आणि त्याच सुमारास काटेरी झाडांची विविधताही वाढत गेली. काटा म्हणजे दुष्काळावरचा उपाय, असं शाळेत निवडुंग दाखवून शिकवतात. निवडुंगापुरतं ते खरं असेल. सॅव्हानातला काटा मुख्यतः ओठांसाठी आणि जिभेसाठी आहे. काट्यामुळे खाणं बंद होत नाही, घास लहान होतो आणि वेळ जास्त लागतो. तेवढ्यात जनावर पुढच्या झुडपाकडे वळतं.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला भंडाऱ्याने पिवळा होणारा धनगर समाज या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारत आला आहे. कळप वाघाटीच्या जाळीजवळून जाताना पाहावा. मेंढरं कडेची कोवळी पानं ओरबाडतात, आत तोंड घालत नाहीत. शेळी जरा जास्त हिंमत करते, मागच्या पायांवर उभी राहते, तरी जाळीचा गाभा तिलाही बंद. या बंद गाभ्यात काय चालतं ते वाकून पाहिलं तर बाहेर कुठेच नसलेलं गवत तिथे कंबरेएवढं दिसतं. पक्ष्याने टाकलेल्या बीचं एखादं बोराचं, लिंबाचं रोप काट्यांच्या आडोशाने वाढत असतं. तित्तिर, ससा यांचं दडायचं ठिकाण तेच. खाटीक पक्षी नाकतोडा किंवा सरडा काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. काही वर्षांनी आतलं रोप काट्यांच्या वर जातं, झाड होतं, आणि त्याला वाढवणारी जाळी त्याच्याच अंगावर चढते.

फुलं येतात फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे माळ करपायला लागतो तेव्हा. खरं तर फूल थांबून पाहण्यासारखं आहे. पानाच्या बगलेच्या वर, फांदीवरच, एकाखाली एक अशी कळ्यांची रांग असते. फुलाला चार पाकळ्या, पांढऱ्या. वरच्या दोघींच्या तळाशी पिवळा डाग. त्यातून पांढऱ्या केसरांचा झुबका बाहेर पडतो, लांबलांब तंतूंचा. त्या तंतूंमध्ये एक दांडी आणखी पुढे गेलेली, तिच्या टोकावर हिरवा दाणा. तो दाणा म्हणजे बीजकोश. बहुतेक फुलांत तो तळाशी, पाकळ्यांच्या कुशीत बसलेला असतो. वाघाटीने तो काठीच्या टोकावर बाहेर काढून ठेवला आहे. पुढे याचं फळ होतं तेव्हा ते त्या दांडीवरच लोंबतं, आणि देठ एवढा लांब का, हे बाजारातल्या फळाकडे पाहून कळत नाही ते इथे कळतं. फूल जुनं झालं की पांढरा रंग गुलाबीकडे झुकतो, डाग काळसर लाल होतो. एकाच फांदीवर ताजी पांढरी आणि शिळी गुलाबी फुलं एकदम दिसतात. दारची मधुमालतीही असेच रंग बदलते.

फुलांपेक्षा पानांची गोष्ट मोठी आहे. वाघाटीचं कुळ मोहरी-कोबीच्या कुळाला जवळचं, आणि दोघांकडे एकच शस्त्र: ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं. पानाच्या पेशींत ती एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. कुणी चावलं की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि झणझणीत तेल तयार होतं. घरी मोहरी फेसताना नाकात जातं ते हेच. अख्खी मोहरी जिभेवर ठेवली तर काही होत नाही. पाणी घालून वाटली की डोळ्यांत पाणी. बहुतेक किड्यांना हे तेल विषासमान.

बहुतेक, सगळ्यांना नाही. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या पिएरिडी कुळाने या विषाला बगल दिली. या कुळातल्या एका सुरवंटाच्या आतड्यात एक प्रथिन असतं, ते तेल तयार होण्याआधीच रासायनिक क्रिया दुसऱ्या वाटेला लावतं आणि कमी घातक नायट्राइलं बनतात. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरावर प्रयोग करून जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००४ साली हे दाखवलं. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९६४ मध्ये, पॉल एरलिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरं आणि वनस्पती एकमेकांना कशा घडवत जातात यावर निबंध लिहिला होता. वनस्पती नवं विष काढते, काही काळ निर्धास्त राहते. मग एखादा किडा तोड काढतो आणि इतर कुणालाही न परवडणारं ताट त्याच्या एकट्याच्या मालकीचं होतं. सहउत्क्रांती ही कल्पना या निबंधामुळे जीवशास्त्रात रुजली.

या लढाईतला आपल्याकडचा शिपाई म्हणजे पायोनियर हे फुलपाखरू. पांढरं, पंखांच्या कडांना काळी नक्षी, मागच्या पंखांना खालून पिवळी झाक. मादी वाघाटीच्या गोतातल्या कोवळ्या फुटव्यावर अंडी पुंजक्याने घालते, सुरवंट घोळक्याने खातात, आणि जाळीचा एखादा भाग आठवड्याभरात पानाविना उघडा पडतो. शेतकऱ्याने हे कोबीवर पाहिलं असतं तर फवारणीचा पंप काढला असता. वाघाटी पुन्हा फुटते. हेच फुलपाखरू दक्षिण आफ्रिकेत उन्हाळ्यात लाखोंच्या थव्यांनी स्थलांतर करतं, आणि तिथेही त्याचे सुरवंट वाघाटीच्या कुळातल्याच झाडांवर पोसतात. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर तेच फुलपाखरू, तेच कुळ, तेच काटेरी माळ. पंखांच्या टोकांना नारिंगी-पिवळे पट्टे असलेली ऑरेंज टिप फुलपाखरंही अंडी घालायला याच गोताकडे येतात. ज्या बांधावरची वाघाटी यंत्राने उपटली त्या बांधावर ही फुलपाखरं पुढल्या वर्षी येऊन अंडी घालणार कुठे?

आता माळाकडे. सॅव्हाना म्हणजे विरळ झालेलं जंगल, ही समजूत फार खोल गेली आहे. सॅव्हानाची ओळख झाडांच्या संख्येवर ठरत नाही, खालच्या गवतावर ठरते. पवन्या, कुसळी, मारवेल ही आपली माळावरची गवतं सी-४ प्रकारची आहेत. पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड साठवून-कोंडून वापरायची त्यांची रीत कडक उन्हात आणि उष्णतेत फार काटकसरीची ठरते, पण सावलीत त्यांचं काही चालत नाही. वरचं छत मिटलं की ती मरतात. शिवालिकच्या जुन्या मातीतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं की उपखंडात ही गवतं ऐंशी ते साठ लाख वर्षांपूर्वी झपाट्याने पसरली. त्या वेळी झाडं तोडायला कुऱ्हाड नव्हती, कुऱ्हाड धरणारा हातही नव्हता.

तरी इंग्रज वनाधिकाऱ्यांनी लाकडाच्या हिशेबाने पाहिलं आणि माळांना खालावलेलं जंगल ठरवलं. चॅम्पियन आणि सेठ यांचं भारतातल्या वनप्रकारांचं १९६८ चं वर्गीकरण आजही प्रमाण मानलं जातं; त्यात दख्खनचे हे माळ 'काटेरी वन' आणि 'खुरटं रान' अशा खान्यांत बसवले आहेत. महसूल खात्याने त्यांना पडीक म्हटलं. २०१६ मध्ये जयश्री रत्नम, महेश शंकरन आदींनी आशियातले सॅव्हाना प्राचीन आहेत आणि ते स्वतंत्र परिसंस्था म्हणूनच पाहायला हवेत, असं सविस्तर मांडलं. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहचित्रांवरून केलेल्या नकाशात देशाच्या भूमीचा सुमारे १० टक्के भाग अशा मोकळ्या निमकोरड्या परिसंस्थांचा भरतो. त्यातला संरक्षित क्षेत्रांत पाच टक्क्यांहूनही कमी.

या वादात मराठीने एक अनपेक्षित साक्ष दिली. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, संतचरित्रं, ओव्या, स्थळांच्या कथा चाळून त्यांत येणाऱ्या रानवनस्पती टिपल्या. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४४ रानटी वनस्पती सापडल्या आणि त्यांतल्या २७ सॅव्हानाच्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा माळ निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता. या गोतातली एक वनस्पती तर लाखो वारकऱ्यांना ठाऊक आहे: पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संत कान्होपात्रेच्या समाधीशी सांगितली जाते ती तरटी. कॅपॅरिस डायव्हरिकाटा, वाघाटीची सख्खी बहीण, कोरड्या माळाची पक्की रहिवासी. वारीहून परतताना द्वादशीला वाघाटी आणि मंदिरात तरटी. भीमेकाठचा माळ आपल्या भक्तीत असा मिसळून गेला आहे, आणि त्याकडे वनस्पतिशास्त्र म्हणून कुणी पाहिलं नव्हतं.

कोल्हापूरला स्वतःचीही साक्ष आहे. संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. चित्ता काही सेकंदांच्या वेगावर जगणारा प्राणी, काळवीट नजरेवर आणि धावेवर. दोघांनाही दाट जंगलात थारा नाही. राजवाड्याच्या दरबारी नोंदी आणि छायाचित्रं वेगळ्या कारणासाठी ठेवली गेली, पण त्यांत माळाचं वर्णन आपसूक उतरलं आहे. देशातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. कुनोत तो २०२२ मध्ये पुन्हा आणला. तो जिथे धावला त्या कोल्हापूरच्या पूर्वेकडच्या माळांबद्दल मात्र कुणाला काही वाटत नाही.

त्या माळांवर आता खड्डे पडतात. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. एवढ्या रोपांना जागा कुठून आणायची? गायरानं आणि टेकड्या 'रिकाम्या' होत्याच. ग्लिरिसिडिया, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी ही झटपट वाढणारी मंडळी अशा ठिकाणी नेहमीची. यातल्या कित्येक रोपांचं दुसऱ्या उन्हाळ्यात काय झालं हे माळावर जाऊन कुणीही पाहू शकतो, आणि माझ्या मते जगलेली रोपं मेलेल्यांपेक्षा जास्त नुकसान करतात. त्यांच्या सावलीत पवन्या मरतो. पवन्याबरोबर धनगराचा चारा जातो, माळटिटवीची मोकळी जागा जाते. तोडलेल्या जंगलात झाडं लावावीत, अवश्य लावावीत. राधानगरीकडच्या उघड्या पडलेल्या उतारावर लावा. आळत्याच्या माळावर झाडं कमी आहेत म्हणजे तिथे काही कमी आहे असा अर्थ होत नाही.

शिवाय माळाचं बरंचसं धन जमिनीखाली असतं. गवतांची मुळं मातीत कार्बन साठवतात, आणि तो वणवा आला तरी जळत नाही. कंदीलपुष्पांसारख्या वनस्पती आठ महिने कंद होऊन पडून राहतात आणि पावसात चार पानं, दोन फुलं दाखवून परत जातात. डॉ. एस. आर. यादव यांनी शिवाजी विद्यापीठात या कंदीलपुष्पांवर दीर्घकाळ काम केलं. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांच्या दुर्मीळ जाती जपल्या आहेत. यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००२ मध्ये विद्यापीठानेच काढला. खड्डा खणण्याआधी त्या ठिकाणी काय उगवतं हे पाहण्याइतकी माहिती आपल्या दाराशी आहे. वाघाटी, तरटी, हिवर, कुसळी एकत्र दिसली की तो माळ जुना समजावा आणि कुदळ परत न्यावी.

वाघाटीवर दुसराही ताण आहे, आणि तो आपल्या पानातून जातो. द्वादशीला विकायला फळ कोवळंच तोडावं लागतं. बी तयार व्हायच्या आधी. पूर्वी बांधोबांधी जाळ्या होत्या तेव्हा चार जाळ्यांची फळं गेली तरी दहा जाळ्यांची झाडावरच पिकत. आता बांध अरुंद होत चालले, उरलेल्या जाळीवर सगळ्यांचा डोळा. पिकलेलं लाल फळ माकडांनी, पक्ष्यांनी खाल्लं तर बी पुढे जाणार. ज्यांच्या बांधावर वाघाटी आहे त्यांनी फांदीमागे दोन फळं राखली तरी पुष्कळ. बी पेरून पाहायचं असेल तर ते लाल फळातलंच घ्यावं, आणि रोप दिसायला वेळ लागला म्हणून कुंडी उपडी करू नये. या कुळातला केपरसुद्धा बियांपासून उगवायला नाखूश म्हणून बागायतदारांत प्रसिद्ध आहे.

पाहायला जायचं तर मार्चमध्ये सकाळी रामलिंगच्या उतारावर जावं, फुलं ताजी असताना. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा हवा. काटा कापडात अडकलाच तर पुढे ओढू नये. ज्या वाटेने शिरलात त्याच वाटेने एक पाऊल मागे यावं, आकडा आपोआप सुटतो. पायोनियरची अंडी शोधायची असतील तर पहिल्या वळवानंतर फुटलेल्या तांबूस पालवीवर नजर ठेवावी, सहसा शेंड्याकडून तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत.